अडलेल्या दुरुस्तीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा शोधांचा इतिहास लिहितात. अमुक यंत्र कोणीं काढलें, केव्हां काढलें आणि त्यामुळें जगांत काय फरक पडला, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें काम संपलें. परंतु ज्या घरांत तें यंत्र येऊन राहतें त्या घराचा अनुभव निराळा असतो. यंत्र केव्हां अडलें, कोणीं नीट केलें आणि नीट करतांना काय गमावलें, हाच तेथें त्याचा खरा इतिहास होय. घरगुती संगणकाच्या बाबतींत हा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कारण या यंत्राची दुरुस्ती केवळ तें बिघडल्यावरच होते असें नाहीं. तें सुरळीत चाललें असतांही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे इतर सर्व कामांवर देखरेख ठेवणारी मुख्य व्यवस्था, वरचेवर सुधारली जात असते. आणि पुष्कळदां ही सुधारणाच मध्यें अडून बसते. पडद्यावर एक गूढ क्रमांक उमटतो, अपडेट बसूं शकलें नाहीं एवढें वाक्य दिसतें, आणि घरचीं माणसें बुचकळ्यांत पडतात. अशा वेळीं काय करावें हें कळण्यास या अडथळ्यांचा इतिहास पाहणें उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही व्यवस्था आपल्याकडील घरांत पुष्कळ वापरली जाते. म्हणून तिच्यापुरताच हा विचार केला आहे.

आरंभीं ही अडचण नव्हतीच. १९८२ सालीं निघालेल्या कमोडोर ६४ सारख्या घरगुती संगणकांत मूळ व्यवस्था चिपमध्यें कायमची कोरलेली असे; तींत दोष निघाला तर चिपच बदलावी लागे. पुढें फ्लॉपीवरून व्यवस्था बसवूं लागले, तेव्हां दुरुस्ती शक्य झाली. मार्च १९९३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें एमएस-डॉस ६ ही आवृत्ति काढली. डिस्कवरील मजकूर दाबून थोड्या जागेंत बसविणारी डबलस्पेस नांवाची सोय तींत होती. तिच्यामुळें मजकूर नासल्याच्या तक्रारी आल्या, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ६.२ ही सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. पण ती घ्यावयाची कीं नाहीं हें मालकाच्या मर्जीवर होतें. १९९८ सालीं विंडोज ९८ बरोबर इंटरनेटवरून दुरुस्ती उतरवून घेण्याची सोय यंत्रांतच आली, तरी मर्जी मालकाचीच राहिली.

ही मर्जी किती महाग पडते हें २००३ सालीं कळून आलें. त्या वर्षीं १६ जुलै रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या एका गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्टला त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘ब्लास्टर’ नांवाचा किडा इंटरनेटवर मोकाट सुटला. मध्यें चांगले सव्वीस दिवस गेले होते. परंतु असंख्य यंत्रांवर ती दुरुस्ती बसविलेलीच नव्हती. किडा शिरलेलें यंत्र साठ सेकंदांची मोजणी दाखवून बंद होई व पुन्हा सुरू होई. म्हणजे औषध आणावयास निघावें तों पायच मोडावे, अशी गत झाली. शिवाय १६ ऑगस्टपासून सर्व बाधित यंत्रांनीं अपडेटच्याच एका पत्त्यावर मागण्यांचा मारा करावा, असाही डाव त्या किड्यांत रचलेला होता. मायक्रोसॉफ्टनें तो पत्ताच रद्द करून हा डाव हुकविला. जाणत्या लोकांनीं घरगुती यंत्रांसाठीं जो तोडगा काढला तो असा: प्रथम आज्ञा देऊन मोजणी थांबवावी, मग फायरवॉल चालू करून बाहेरची वाट अडवावी, नंतर दुरुस्ती उतरवून बसवावी आणि किडा काढून टाकावा. या क्रमांत उलटापालट झाली कीं सारे श्रम वायां जात.

या अनुभवानंतर धोरण पालटलें. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं दुरुस्त्या काढण्याचा नेम सुरू झाला. ऑगस्ट २००४ मध्यें आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नें फायरवॉल आपोआप चालू केली व अपडेट आपोआप घेण्याचा आग्रह धरला. जुलै २०१५ मध्यें विंडोज १० आली, तेव्हां तिच्या घरगुती आवृत्तींत दुरुस्ती नाकारण्याचा अधिकार जवळजवळ उरलाच नाहीं. बारा वर्षांत मालकाची मर्जी संपली. ती काढून घेण्याचें कारण समंजस होतें, हें ब्लास्टरचा इतिहास वाचणारास मान्य करावें लागेल. परंतु अधिकार गेला तरी जबाबदारी गेली नाहीं. अडलेलें अपडेट सोडविण्याचें काम घरच्याच माणसांच्या वाट्यास राहिलें.

अपडेट अडतें कां हें समजण्यास तें बसतें कसें हें आधीं पाहिलें पाहिजे. वापरांत असलेली फाईल विंडोजला सहसा बदलतां येत नाहीं. म्हणून नवे भाग आधीं आणून ठेवावयाचे व यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतांना अदलाबदल करावयाची, अशी पद्धत आहे. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून या सुट्या भागांचें एक कोठार यंत्रांतच ठेवलेलें असतें. नवा भाग तेथें जमा होतो, त्याचा इतर भागांशीं मेळ पाहिला जातो, मग तो जागेवर बसतो. मध्यें कांहीं अडलें तर केलेलें काम उलटवून यंत्र पूर्वस्थितीवर आणण्याचा प्रयत्न होतो. आतां नवा भाग सर्वांना एकच पाठविला जातो. कोठार मात्र प्रत्येक घराचें वेगळें. कोणाकडे मागच्या अपडेटच्या ऐन वेळीं वीज गेलेली, कोणाची डिस्क कांठोकांठ भरलेली, कोणाच्या छपाईयंत्राचा ड्रायव्हर जुना. म्हणून अडलेल्या अपडेटचें कारण नुसत्या नव्या भागांत शोधून भागत नाहीं; यंत्राच्या मागील आयुष्यांत तें पाहावें लागतें.

याचें सर्वांत विलक्षण उदाहरण २०१० सालचें आहे. त्या वर्षीं ९ फेब्रुवारीस आलेली एक दुरुस्ती विंडोजच्या गाभ्यांतील सतरा वर्षांच्या जुन्या दोषावर होती. ती बसवितांच कित्येक एक्सपी यंत्रें निळा पडदा दाखवून बंद पडलीं व पुन्हा सुरूच होईनात. लोकांनीं साहजिकच दुरुस्तीला दोष दिला, आणि मायक्रोसॉफ्टनेंही तिचें आपोआप होणारें वाटप थांबविलें. चौकशीअंतीं निष्पन्न झालें तें भलतेंच. त्या यंत्रांच्या गाभ्यांत ‘अल्युरिऑन’ नांवाचा एक घुसखोर प्रोग्राम आधींपासून दडून बसला होता. गाभ्यांतील अमुक काम अमुक ठिकाणींच सांपडेल असें गृहीत धरून तो रचलेला होता. दुरुस्तीनें तीं ठिकाणें हललीं, घुसखोराचा पाय चुकला, आणि त्याच्याबरोबर यंत्रही कोसळलें. मार्चमध्यें तीच दुरुस्ती, आधीं गाभा तपासून संशय आल्यास न बसणारी, अशी पुन्हा निघाली. पण त्याच्याही आधीं घुसखोर रचणारांनीं आपला प्रोग्राम सुधारून टाकला होता. कारण यंत्र बंद राहिलें तर धंदा त्यांचा बुडतो! घरांत चोर आहे ही वार्ता कित्येकांना या अपघातामुळेंच लागली.

दुसरें उदाहरण अलीकडचें व अधिक घरगुती आहे. ९ जानेवारी २०२४ रोजीं विंडोज १० साठीं केबी ५०३४४४१ या क्रमांकाचें अपडेट आलें. बिघडलेलें यंत्र सांवरण्यासाठीं डिस्कवर जी एक छोटी व्यवस्था राखून ठेवलेली असते, तींतील दोष काढण्यासाठीं तें होतें. पुष्कळ घरीं तें बसेना. ०एक्स८००७०६४३ हा क्रमांक दिसूं लागला. त्याचा छापील अर्थ ‘बसवितांना गंभीर चूक झाली’ एवढाच. लोकांनीं पुनःपुन्हा प्रयत्न केले, तात्पुरत्या फायली पुसल्या. क्रमांक हटला नाहीं. खरें कारण अगदीं साधें होतें. त्या राखीव पार्टिशनमध्यें २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती, आणि तेवढी ती नव्हती. त्या पार्टिशनची हद्द पूर्वीच, पुढची गरज ठाऊक नसतांना, आंखली गेली होती; मुख्य डिस्कवर शेंकडों गिगाबाइट मोकळे असले तरी ती जागा भिंतीपलीकडची. जागा अपुरी असल्याचा क्रमांक दिसावयास हवा असतां भलताच दिसतो, हें मायक्रोसॉफ्टनेंही पुढें मान्य केलें. आणि आपोआप उपाय मिळणार नाहीं, हद्द हातानें वाढवावी लागेल, असें कळविलें.

या दोन्ही प्रकरणांत लोक फसले ते एकाच रीतीनें: पडद्यावर जें दिसलें तेंच कारण मानून ते चालले. इतिहासाच्या अभ्यासकास ही चूक ओळखीची आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, व बखरीपेक्षां अस्सल कागदावर भिस्त ठेवावी हा दंडक आपल्याकडे रुजविला. पडद्यावरचा क्रमांक ही बखर आहे. तो मागाहून सांगितलेला व अनेक प्रसंगांना एकच नांव देणारा असतो. अस्सल कागद म्हणजे यंत्र स्वतः लिहीत असलेली नोंदवही. विंडोजच्या ‘लॉग्ज’ या फोल्डरांत सीबीएस नांवानें ती सांपडते. ती सबंध वाचण्याचें कारण नाहीं. अपडेट अडलें त्या वेळेच्या नोंदी काढाव्या आणि त्यांतील शेवटची चूक न पाहतां पहिली पाहावी. पुढच्या पुष्कळशा तिच्याच पोटीं जन्मलेल्या असतात.

उपायांचाही क्रम आहे. प्रथम मोकळी जागा पाहावी, जादा जोडलेलीं उपकरणें काढावीं आणि यंत्र एकदां बंद करून सुरू करावें. पुष्कळ अडथळे एवढ्यानेंच दूर होतात. न झाले तर विंडोजमध्येंच दोन साधनें आहेत. डिझम हें साधन कोठारांतील नासलेले भाग बाहेरून शुद्ध प्रत आणून नीट करतें. एसएफसी हें साधन चालू फायली कोठाराशीं ताडून पाहतें. पोथी शुद्ध करणारा पंडित आधीं आधारभूत प्रत निश्चित करतो आणि मग तिच्यावरून इतर प्रती सुधारतो. येथेंही आधीं डिझम, मग एसएफसी. क्रम उलटला तर नासलेल्या कोठारांतून चांगला भाग मिळावयाचा कसा?

परंतु ही सर्व रीत पाळूनही एक भय उरतेंच. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं विंडोज १० चें एक मोठें अपडेट निघालें. कांहीं यंत्रांवर तें कोठेंही न अडतां बसलें, पडद्यावर यशाची सूचना आली. आणि मालक पाहतो तों त्याचे दस्तऐवज व छायाचित्रें नाहींशीं! ज्यांनीं आपल्या ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरची जागा बदलली होती, त्यांचा जुन्या ठिकाणचा फोल्डर अपडेटनें रिकामा समजून काढून टाकला, कित्येकांचा तो रिकामा नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्याप्रमाणें अशा तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच होत्या. पण ज्या घरच्या लेकराच्या बालपणींचीं छायाचित्रें गेलीं, त्या घराला दहा हजारांचा हिशेब काय सांगावा? चांचणी घेणाऱ्या कांहीं लोकांनीं हा प्रकार आधींच कळविला होता, तो ढिगांत दबून गेला. चार दिवसांत वाटप थांबवावें लागलें व १३ नोव्हेंबरला तें पुन्हा सुरू झालें.

या प्रसंगावरून कित्येकजण असा निष्कर्ष काढतात कीं अपडेट घेऊंच नये. इतिहास त्याला अनुकूल नाहीं. दुरुस्ती हातीं असून न घेतल्यामुळें २००३ सालीं काय झालें तें वर सांगितलेंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यानंतर जुन्याच व्यवस्थेवर दुरुस्तीवांचून राहणारें घर त्या सव्वीस दिवसांच्या मुदतींत जाऊन बसतें, आणि ती मुदत केव्हां संपेल हें त्याला कळत नाहीं. यास्तव अपडेट घ्यावें. तें अडलें तर क्रमांकावर न रागावतां त्याच्यामागचा कागद शोधावा. आणि त्याच्याही आधीं घरचीं पत्रें, हिशेब व छायाचित्रें यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. व्यवस्था पुन्हा बसवितां येते. घरांतल्या माणसांनीं वर्षानुवर्षें जमविलेलें दुसऱ्या कोणाच्याच कोठारांत नसतें.