रॉक-एन-रोल रेनिगेड

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचा पहिला ध्वनिमुद्रित गीतसंग्रह (१९८८). शीर्षकाचा अर्थ ‘रॉक संगीतातील बंडखोर’ असा होतो. हा संग्रह सीबीएस या कंपनीने प्रसिद्ध केला. भारतीय रॉक वादकांनी स्वतः रचलेली इंग्रजी गीते बाजारात विकली जाऊ शकतात, हे ज्या मोजक्या संग्रहांमुळे दिसून आले, त्यांत याला महत्त्वाचे स्थान आहे.

मुंबईत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची परंपरा जुनी आहे. हॉटेलांतील जॅझ वादन आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांतून गोमंतकीय वादकांनी ती जोपासली. १९६० नंतर महाविद्यालयीन तरुणांनी गिटार व ड्रम घेऊन लहान संच उभे केले. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरविण्यात येणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतील निवडक गीतांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. त्यांत काही संचांच्या स्वतंत्र रचनाही होत्या. परंतु प्रत्येक संचाच्या वाट्याला एकदोन गीतेच येत. एरवी या संचांची प्रतिष्ठा परदेशी गीतांच्या हुबेहूब अनुकरणावर अवलंबून असे. मूळ कलावंत भारतात क्वचितच येत आणि आयात ध्वनिमुद्रिका महाग असत. त्यामुळे ओळखीचे गीत रंगमंचावर जसेच्या तसे ऐकायला मिळावे, एवढीच श्रोत्यांची मागणी होती. अशा वातावरणात स्वतःची रचना सादर करणे हे धाडसच होते.

‘रॉक मशीन’ची स्थापना १९८४ मध्ये मुंबईत झाली. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर व जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बास गिटार), झुबिन बालापोरिया (कळफलक वाद्ये) आणि मार्क मेनेझिस (ड्रम) हे या काळातील प्रमुख वादक होत. आरंभी हा संचही इतरांचीच गीते वाजवीत असे. महाविद्यालयांचे महोत्सव आणि धोबीतलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह ही अशा संगीताची प्रमुख केंद्रे होती. रंगभवनातील मैफली पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडल्या. याच श्रोतृवर्गासमोर संचाने हळूहळू आपल्या रचना मांडल्या. त्यांची घडण त्या काळच्या हार्ड रॉक शैलीची आहे: ठसठशीत गिटारवादन, सामुदायिक धृपद व उंच पट्टीतील गायन. संगीताच्या भाषेत ती फारशी नवी नव्हती. नवे होते ते गीतांचे कर्तृत्व.

संग्रहाला बाजार मिळण्यामागे तांत्रिक कारणही होते. तबकडी काढण्यासाठी साचे, दाबयंत्रे आणि बरेच भांडवल लागे. म्हणून कंपन्या खात्रीच्या चित्रपटगीतांकडे वळत. १९८० च्या दशकात ध्वनिफितीचा (कॅसेटचा) प्रसार झाला. ध्वनिफितीच्या प्रती हव्या तेवढ्याच काढता येत, त्या स्वस्त असत आणि वसतिगृहाच्या खोलीतील साध्या यंत्रावर वाजत. त्यामुळे लहान पण निष्ठावान श्रोतृवर्गासाठी संगीत काढणे परवडू लागले. एकाची प्रत दुसऱ्याने उतरवून घेण्याच्या सवयीने विक्रीला फटका बसे, पण कीर्ती दूरवर जाई. १९९० मध्ये संचाचा ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा संग्रह निघाला.

या यशाला भाषेची व वर्गाची मर्यादा होती. ज्या ध्वनिफितीने मुंबई, पुणे, दिल्ली, बंगलोर येथील महाविद्यालयांत इंग्रजी रॉक पोचविले, तिनेच मराठवाड्यातील जालना, अंबड यांसारख्या गावांत भीमगीते, भक्तिगीते व लोकगीते घरोघर नेली. यंत्र एकच, परंतु बाजार दोन. आणि त्यांतील दुसरा कितीतरी विस्तृत होता. इंग्रजीत रचना करणाऱ्या भारतीय संचाला स्वदेशातील बहुसंख्य श्रोते दुरावलेलेच राहिले, तर परदेशात तो अनुकरण करणारा ठरण्याचा धोका होता.

१९९१ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणी आल्यावर संगीताच्या दृश्यफिती घराघरांत दिसू लागल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘निर्वाना’ या वाद्यवृंदाचा ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह निघाला. जानेवारी १९९२ मध्ये तो तेथील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोचला आणि मुख्य प्रवाहाबाहेरचे ‘पर्यायी रॉक’ हाच मुख्य प्रवाह बनला. जुन्या हार्ड रॉकचा डामडौल त्यामुळे कालबाह्य वाटू लागला. ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. सिंधू नदीचे स्मरण करून देणारे हे नाव भारतीय ओळखीच्या शोधाचे द्योतक मानता येईल. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या दृश्यफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. वाद्यवृंदाच्याच नावाचा तिसरा संग्रह १९९५ मध्ये आला. परंतु त्याच वर्षी अलीशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ या हिंदी संग्रहाने प्रचंड खप मिळविला. चित्रपटाबाहेरील संगीताला मोठी बाजारपेठ आहे, मात्र ती प्रामुख्याने हिंदीत आहे, असा बोध कंपन्यांनी त्यातून घेतला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडस क्रीड’चे काम थांबले. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्क येथे ‘आम्स फॉर शांती’ हा संच चालविला.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया नव्या सहकाऱ्यांसह पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह निघाला. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. ‘पर्ल जॅम’च्या ‘टेन’ (१९९१) या गाजलेल्या पर्यायी रॉक संग्रहाचे ध्वनिमिश्रणही त्यांचेच होते.

‘रॉक-एन-रोल रेनिगेड’चे मूल्यमापन केवळ खपावरून करणे योग्य ठरणार नाही. या संग्रहाच्या शैलीवर परकीय छाप स्पष्ट आहे, आणि कोणत्या भाषेत गावे हा प्रश्न त्याने सोडविला नाही. मात्र त्यानंतर स्वतःच्या रचना गाणारा संच हा मुंबईत अपवाद राहिला नाही. इंग्रजीत गाणारा ‘पेंटाग्राम’ आणि हिंदीत गाणारा पुण्याचा ‘अग्नी’ या पुढील पिढीच्या संचांनी भाषेच्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली. पण गीत आपलेच असले पाहिजे, हे दोघांनीही गृहीत धरले होते.