ॲडमिरल रामदास : एका नौदल अधिकाऱ्याचे दीर्घ आयुष्य

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झालं की गावाकडची मंडळी परतण्याआधी गेटवेला एक चक्कर टाकतात. ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्यामुळे त्या दिवसांत समुद्रात उभ्या असलेल्या युद्धनौका दाखवून पोरं विचारतात, "यातली सगळ्यात मोठी कुठली? तोफ कुठं असते?" आपण जमेल तसं सांगतो. पण त्या बोटींवर आयुष्य काढणारा माणूस कसा असतो, घरी आल्यावर कसा वागतो, नोकरी संपल्यावर काय करतो, हे आपण सांगत नाही. आमच्या वस्तीतून कितीतरी जण डबा घेऊन डॉकयार्डात गेले, त्यांनी बोटींचा गंज खरवडला, वेल्डिंग केलं. म्हणजे नौदल आपल्याला काही परकं नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही एका नौदल अधिकाऱ्याची आठवण काढायचं ठरवलं. ते म्हणजे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास.

रामदास यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईत, माटुंग्याला झाला. ते बारा वर्षांचे असताना याच मुंबईत नौदलात मोठी ठिणगी पडली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहनाच्या प्रशिक्षण केंद्रातील हिंदी नाविकांनी संप पुकारला. जेवण निकृष्ट आणि वर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जातिवाचक, वर्णद्वेषी शिव्या, हे त्याचं तात्कालिक कारण. बघता बघता संप कराचीपर्यंत पोचला. मुंबईचे गिरणी कामगार नाविकांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात शेकडो माणसं मेली. पुढे १९४७ ला देशाबरोबर नौदलाचीही वाटणी झाली. कालपर्यंत एका ताटात जेवणारे खलाशी दोन देशांचे झाले. प्रशिक्षणाच्या मोठ्या शाळा कराचीत होत्या, त्या तिकडे राहिल्या. ही वाटणी लक्षात ठेवली म्हणजे रामदासांचं पुढचं आयुष्य नीट कळतं.

१९४९ मध्ये ते डेहराडूनच्या सैनिकी प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि १ सप्टेंबर १९५३ रोजी नौदलात अधिकारी झाले. तेव्हा देश स्वतंत्र होता, पण नौदलाचा प्रमुख अजून इंग्रजच होता. पहिला भारतीय प्रमुख यायला एप्रिल १९५८ उजाडला. ते होते ॲडमिरल रामदास कटारी. नावं सारखी असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून इथेच सांगून टाकतो की या कटारींची मुलगी ललिता हीच पुढे आपल्या रामदासांची पत्नी झाली. म्हणजे सासरे नौदलप्रमुख आणि पुढे जावईही नौदलप्रमुख. कुणाला वाटेल वशिला असेल. पण सासरे १९६२ सालीच निवृत्त झाले आणि जावई त्या खुर्चीवर बसले ते १९९० साली. मधली २८ वर्षं त्यांनी समुद्रावर आणि कचेऱ्यांत काढली. संदेशवहन हा त्यांचा खास विषय होता. कोचीला नौदल अकादमी उभी करण्याच्या कामातही ते होते.

त्यांची खरी परीक्षा झाली १९७१ च्या डिसेंबरात. तेव्हा ते 'बियास' या फ्रिगेटचे कप्तान होते. विमानवाहू 'विक्रांत'बरोबर पूर्वेकडचा ताफा बंगालच्या उपसागरात होता. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्रातून मदत येऊ द्यायची नाही आणि त्याला समुद्रातून पळूनही जाऊ द्यायचं नाही, हे या ताफ्याचं काम. याला नाकेबंदी म्हणतात. लांबून सोपं वाटतं, पण पाण्याखाली पाणबुडीची भीती, पाण्यात सुरुंग, वर विमानांची भीती आणि शेकडो माणसांचा जीव एका कप्तानाच्या हुकमावर. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० जण युद्धकैदी झाले. त्यांना समुद्राची वाट बंद होती, यात 'बियास'चाही वाटा होता. या कामगिरीबद्दल रामदासांना वीरचक्र मिळालं.

३० नोव्हेंबर १९९० रोजी ते नौदलप्रमुख झाले आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आमच्या उपासिका भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तोवर नौदलात स्त्री अधिकारी म्हणजे फक्त वैद्यकीय विभागात. १९९२ मध्ये शिक्षण, पुरवठा आणि कायदा या शाखांची दारं स्त्रियांना उघडली. ती काही वर्षांपुरतीच नोकरी होती. कायम नोकरीचा हक्क मिळवायला बायांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं आणि मार्च २०२० मध्ये तो निकाल लागला. पण दार किलकिलं झालं ते १९९२ सालीच.

आता घरची गोष्ट. बोटीवरच्या माणसाचा संसार बायकोच्या जिवावर चालतो, हे काय सांगायला पाहिजे? नवरा समुद्रात, बदल्यांमागून बदल्या आणि तीन मुलींच्या शाळा. ललिताताईंनी हे सांभाळलंच, शिवाय दिल्लीच्या गरीब वस्त्यांतून शिक्षणाचं काम केलं. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर त्या पीडितांच्या मदतीला धावल्या. साहेबाची बायको म्हणून मिरवत बसल्या नाहीत.

आणि मग मुलीच्या लग्नाचा प्रसंग आला. वडील सर्वोच्च पदावर पोचले त्याच सुमारास एका मुलीने पाकिस्तानी तरुणाशी लग्न करायचं ठरवलं. वाचकहो, क्षणभर विचार करा. ज्या देशाशी आपण लढलो, ज्याच्याविरुद्ध वीरचक्र मिळवलं, तिथला जावई! लोक काय म्हणतील, सरकार काय म्हणेल? आपल्या वस्तीत मुलीने शेजारच्या जातीतला मुलगा निवडला तरी बाप महिना महिना बोलत नाही, आणि पंचशील तर आपण रोज म्हणतो. रामदासांनी मुलीचा निर्णय मानला आणि जावयाला घरात घेतलं. तोफांसमोर उभं राहायला धैर्य लागतं, तसं ते घरातही लागतं.

निवृत्तीनंतर ते भारत-पाकिस्तानच्या नागरिकांना एकत्र आणणाऱ्या लोकमंचाचं काम करू लागले. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि देशभर पेढे वाटले गेले, तेव्हा हा माजी नौदलप्रमुख अण्वस्त्रांविरुद्ध बोलत होता. त्यांच्यावर टीका खूप झाली. पण युद्ध म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय दोन देशांच्या भांडणात पहिला भरडला जातो तो गरीब कोळी. पाण्यावर रेघ दिसत नाही, होडी पलीकडे जाते आणि माणूस तुरुंगात पडतो. आपल्या पालघरकडचे आदिवासी खलाशीही असे कराचीच्या तुरुंगात खितपत पडले आहेत. त्यांच्या सुटकेचा प्रश्न या मंचाने वारंवार मांडला. २००४ मध्ये रामदासांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही एकट्याला नाही. पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्याबरोबर तो विभागून देण्यात आला.

इथे एक खुलासा केला पाहिजे. कलिंगानंतर सम्राट अशोकाचं मन पालटलं, तशी ही कथा नाही. रामदासांनी आपलं वीरचक्र कधी नाकारलं नाही, वर्दीची लाज बाळगली नाही. देशाचं रक्षण हेही कर्तव्य आणि पुढच्या पिढीला युद्धापासून वाचवणं हेही कर्तव्य, असं त्यांच्या वागण्यातून दिसतं.

राहायला त्यांनी अलिबाग तालुक्यातलं खेडं निवडलं. कान्होजी आंग्र्यांच्या त्या मुलखात ॲडमिरलसाहेब शेती करू लागले. रायगडातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी 'सेझ'साठी जाऊ लागल्या तेव्हा पती-पत्नी दोघेही शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. २०१५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, दलित आणि अल्पसंख्याकांवरील हल्ल्यांबद्दल त्यांनी राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना खुलं पत्र लिहिलं. ज्या संविधानाची शपथ घेऊन नोकरी केली, ती शपथ पेन्शनीबरोबर संपत नाही, असं त्यांनी मानलं.

१५ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. साठ वर्षांहून अधिक संसार, ४० वर्षं वर्दी आणि त्यानंतरची ३० वर्षं लोकांसाठी. आपल्याकडे माणूस रिटायर झाला की विहाराच्या ओट्यावर बसून म्हणतो, "आता आपलं काय राहिलं?" आम्हीही त्यातलेच. पण ही ३० वर्षं पाहिली की तसं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला पोरांना गेटवेवर न्याल तर तोफा जरूर दाखवा, आणि जमलं तर या माणसाची गोष्टही सांगा.