मिनिटाला तेरा शब्द : हौशी रेडिओच्या परीक्षेची शंभर वर्षे (थ्रेड)

१५ एप्रिल १९१२. टायटॅनिक अटलांटिकच्या तळाशी जाऊन काही तास उलटले होते, आणि अमेरिकेतील काही वृत्तपत्रे सांगत होती की सर्व प्रवासी सुखरूप असून जहाज हॅलिफॅक्सकडे ओढत नेले जात आहे. बिनतारी संदेशांच्या सरमिसळीतून ही वार्ता उपजली. खापर फुटले ते घरात स्वतः बनवलेले संच चालवणाऱ्या हौशी पोरांच्या माथी. त्यात त्यांचा दोष किती, हा वाद आजवर मिटलेला नाही. त्यांना लगाम घालण्याची चर्चा मात्र आधीपासूनच सुरू होती. टायटॅनिकने तिला धार आणली.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेत रेडिओ कायदा झाला. तोवर घरातून संदेश पाठवायला तेथे कोणाचीही परवानगी लागत नसे. आता परवाना आला, आणि परवान्याबरोबर परीक्षा. हौशी मंडळींना २०० मीटरहून अधिक लांबीच्या लहरी वापरण्यास बंदी झाली. दूर पल्ल्यासाठी लांब लहरीच लागतात, अशी त्या काळच्या जाणकारांची पक्की समजूत होती. म्हणजे निरुपयोगी मानलेला पट्टा या पोरांच्या पदरात टाकून सरकारने हात झटकले.

पुढे काय झाले? नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील लेऑन देलॉय या दोघा हौशींनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अटलांटिकपार दुहेरी संभाषण साधले. टाकाऊ ठरवलेल्या आखूड लहरी आकाशातील विद्युतभारित थरांवरून परतून हजारो मैल जातात, हे जगाला कळले आणि त्या पट्ट्यावर मग सर्वांचाच डोळा गेला.

आता परीक्षेकडे वळू. सुरुवातीला ती नौदलाच्या तळांवर होई आणि मोर्स लिपीत मिनिटाला ५ शब्द टिपून घेता येणे पुरे असे. पहिल्या महायुद्धानंतर ही अट १० शब्दांवर गेली, १९३६ मध्ये १३ वर. आकडा किरकोळ वाटतो. परंतु ‘शब्द’ म्हणजे पाच अक्षरे धरली, तर १३ शब्द म्हणजे मिनिटाला ६५ अक्षरे, सेकंदाला एकाहून अधिक. कानात ‘डिट-डा’ वाजते न वाजते तोच पेन्सिलीने अक्षर उमटवायचे, आणि चुकलेल्या अक्षराचा शोक करत बसायचे नाही. कारण तेवढ्यात पुढची दोन निसटलेली असतात. पाच मिनिटांच्या चाचणीत सलग एक मिनिट बिनचूक टिपले की उमेदवार उत्तीर्ण.

हजारो विद्यार्थी अडले ते नेमके या टप्प्यावर. बहुतेकजण तक्ता समोर ठेवून टिंब-रेघा पाठ करत. अशा पाठांतराने माणूस ऐकलेला ध्वनी आधी टिंब-रेघांत मोडतो, त्या मोजतो, मग अक्षर आठवतो. मिनिटाला १० शब्दांच्या आसपास या मोजणीचा वेग संपतो आणि प्रगती थांबते. पाच शब्दांची परीक्षा देणाऱ्याला ही भिंत दिसतसुद्धा नसे. तेरा शब्दांवाला तिच्यावर थेट आपटे. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात तोडगा सुचवला: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग ठेवावा, फक्त दोनच अक्षरांपासून आरंभ करावा आणि ती जवळपास बिनचूक येऊ लागली की तिसरे जोडावे. अक्षर मोजायचे नाही. ओळखीच्या माणसाची हाक ओळखावी तसे ओळखायचे. आजही मोर्स शिकवणारी बहुतेक सॉफ्टवेअर हाच मार्ग धरतात.

लेखी भाग वेगळा. कित्येक वर्षे तेथे सर्किटच्या आकृत्या हाताने काढाव्या लागत. परीक्षाकेंद्रापासून १२५ मैलांहून दूर राहणाऱ्यांसाठी १९३० च्या दशकात ‘क’ वर्ग निघाला. त्यांची परीक्षा जवळचा परवानाधारकच घेई. शेतावरच्या पोरांना हे मोठे वरदान होते. शहरी मंडळी त्या परवान्याकडे किंचित नाक मुरडून पाहत, हेही खरे. १९५१ मध्ये नवशिक्यांसाठी वर्षभराचा, नूतनीकरण न होणारा परवाना आला. त्याला ५ शब्द पुरत. सर्वांत वरच्या ‘एक्स्ट्रा’ वर्गाला मात्र २०.

मूळ प्रश्न गुप्त असत. १९७० च्या दशकाअखेर बॅश नावाच्या एका प्रकाशकाने परीक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या उमेदवारांना विचारून-विचारून प्रश्न गोळा केले आणि त्यांची पुस्तके विकली. जुन्या खोडांनी याला सरळ कॉपी म्हटले. पण गुपित राहिलेच नव्हते. १९८२ च्या कायद्याने परीक्षा घेण्याचे काम स्वयंसेवक परवानाधारकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली, आणि पुढे संपूर्ण प्रश्नसंच जाहीर होऊ लागला. समजून घेण्यापेक्षा घोकणे वाढले, ही तक्रार तेव्हापासूनची. तिच्यात तथ्य आहे. मात्र गुप्त प्रश्नांच्या काळातले सर्वजण समजूनच उत्तीर्ण होत, हा निव्वळ स्मरणरंजनाचा भाग.

जपानने निराळाच रस्ता धरला. तेथे १९५८ मध्ये केवळ बोलून संपर्क साधणाऱ्यांसाठी मोर्सविना परवाना निर्माण झाला, प्रक्षेपणशक्ती अवघी १० वॅट. आखूड लहरींवर मोर्स अनिवार्य ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमाशी हे सरळ विसंगत होते. जपान बधला नाही. १९९० च्या दशकात तेथील हौशी केंद्रांची संख्या अमेरिकेच्याही पुढे होती.

भारतात परीक्षेला आणखी एक छाया चिकटून राहिली: राज्यसत्तेचा संशय. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्त आणि मुकुल बोस यांनी येथील पहिला हौशी संपर्क साधला. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच सर्व हौशी परवाने रद्द होऊन उपकरणे जमा करण्याचे आदेश निघाले. मुंबईत रेडिओ तंत्राचे शिक्षण देणारे नरिमन प्रिंटर हे अशाच परवानाधारकांपैकी एक. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचा प्रक्षेपक उभारण्यात प्रिंटर यांचा हात होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर धाड पडली. पकडले गेल्यावर पोलिसांना तेथवर नेले तेही त्यांनीच. एकाच माणसाच्या हातून चळवळीला आवाज मिळावा आणि तो बंदही व्हावा, याचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही.

स्वतंत्र भारतात परवाने पुन्हा सुरू झाले, संशय पुरता गेला नाही. १९७८ च्या नियमांनुसार उमेदवाराने रेडिओचे तंत्र आणि कायदेकानू यांची लेखी परीक्षा द्यायची, वरच्या श्रेणीसाठी मोर्सही. त्यानंतर पोलीस पडताळणी. परीक्षेच्या तयारीपेक्षा परवान्याची प्रतीक्षा लांबल्याचे अनुभव येथे नवे नाहीत.

ही सारी खटपट कशासाठी, याचे उत्तर २६ डिसेंबर २००४ रोजी पोर्ट ब्लेअरमध्ये मिळाले. अंदमानात हौशी रेडिओला प्रदीर्घ काळ मनाई होती. बऱ्याच प्रयत्नांनी परवानगी मिळवून भारती प्रसाद यांचा चमू त्याच महिन्यात तेथे पोहोचला होता. त्सुनामीने दूरध्वनी कोलमडले तेव्हा त्यांचा संच बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा दुवा ठरला, आणि आप्तांची खबर विचारणारे निरोप त्यावरून जाऊ लागले.

एव्हाना मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली होती. २००३ मधील जिनिव्हा परिषदेने निर्णय ज्या-त्या देशावर सोपवला. ब्रिटनने त्याच जुलैत अट काढली, अमेरिकेने २३ फेब्रुवारी २००७ रोजी. भारताने मध्यममार्ग पत्करला: ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स नाही, ‘जनरल’ श्रेणीला मिनिटाला ८ शब्द. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. ज्या खात्याच्या तारमास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही लिपी कानात वागवली, तेथे ती उरली नाही. ‘जनरल’चा फॉर्म भरणारी मुले मात्र हेडफोन लावून दोन अक्षरांपासून आरंभ करतात.