नरवरच्या रानातली पागा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा पूर्वेकडचा चढ पायीच चढा. एकामागून एक दरवाजे मागे पडतात, पोटऱ्या भरून येतात आणि डोक्यावर राजा मानसिंह तोमराच्या महालाची भिंत येते. निळ्या फरशांच्या पट्ट्यांत बदकं, हत्ती, केळीची झाडं. समोर हाथी पोल. पोल म्हणजे दरवाजा. पण ज्या हत्तीवरून त्याला हे नाव पडलं, तो आज इथे नाही. त्याला बघायचं तर सप्टेंबर १५२८ मध्ये उतरावं लागेल.

उतरा. दगड पावसाने ओले आहेत. बाबराची स्वारी किल्ला बघायला आली आहे. दरवाजाबाहेर दगडी हत्ती उभा आहे, हुबेहूब, त्याच्यावर दोन माहूत. महालाच्या खालच्या मजल्याच्या खिडकीतून तो हाताशी असल्यासारखा दिसतो. बाबराने हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. पुढे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजललाही ग्वाल्हेर म्हटल्यावर हाच दगडी हत्ती नोंदवावासा वाटला.

आपल्या देवळांच्या भिंतींवर व्याल असतात, सिंहाच्या धडाला हत्तीची सोंड जोडलेले. असा प्राणी खरा असता तर कसा जन्मला असता, काय खाल्लं असतं, माणसाने तो कसा पाळला असता, हा विचार माझ्या मनात कैकदा आला आहे. पण त्याहून नवलाचा प्राणी, खराखुरा हत्ती, या दरवाजातून रोज ये-जा करत होता. त्याच्या पाठीवर राज्यं उभी राहिली, आणि तरी बैल किंवा घोडा जसा माणसाचा झाला तसा तो कधीच झाला नाही.

का झाला नाही, हे कळायला किल्ल्यावरून खाली उतरा आणि दक्षिणेला, सिंध नदीकडे, नरवरच्या रानात चला. अबुल फजलच्या आइन-इ-अकबरीत आग्रा सुभ्यातले हत्ती कुठे सापडतात ते दिलं आहे आणि त्यात नरवरचं नाव आहे. १५६४ च्या पावसाळ्यात माळव्याकडे जाताना खुद्द अकबराने इथे हत्ती धरले. तुम्ही त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आहात.

तुम्ही एका पाळीव हत्तिणीच्या पाठीवर पालथे पडला आहात. पुढे माहूतही तसाच, मुडद्यासारखा. बोलायचं नाही, हलायचं नाही. या पद्धतीला चोरखेडा म्हणतात. हत्तीण चरत चरत रानहत्तींच्या कळपात शिरते. तिच्या पाठीवर माणूस आहे हे कुणाला कळता कामा नये. तिचे राठ केस तुमच्या गालाला टोचतात. चिखल, शेण आणि चघळलेल्या गवताचा वास नाकात भरतो. मध्येच तुमच्या छातीखाली काहीतरी घुमतं. ती बोलते आहे. हत्तींचे बरेचसे आवाज इतके खोल असतात की ते माणसाच्या कानाला लागत नाहीत. इथे मात्र बरगड्यांना कळतं.

नर येतो. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ गालावर आला आहे, मागचे पाय मुताने भिजले आहेत. माजावर आहे. या दिवसांत त्याच्या रक्तातला नरपणाचा रस कित्येक पटींनी चढलेला असतो. भूक कमी होते, माहूत ओळखेनासा होतो. तो सोंडेचं टोक हत्तिणीच्या मुतात बुडवतो आणि उचलून टाळूला लावतो. तिथे वास ओळखणारं वेगळं इंद्रिय आहे. हत्तीण साधारण दर १४ ते १६ आठवड्यांनी, तेही थोडेच दिवस, गाभ धरण्याजोगी असते आणि ती बातमी एका द्रव्यातून मिळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी ते द्रव्य ओळखलं तेव्हा थक्क व्हायची वेळ आली: कित्येक पतंगांच्या माद्या नराला बोलवायला तेच वापरतात. रातकिडे ओरडत असलेल्या रानात एक पतंग आणि एक हत्ती एकाच हाकेला ओ देतात.

दुसरा नर आडवा येतो. दोघे भिडतात. सगळ्या रानाचं लक्ष तिकडे असताना माहूत सरकतो आणि एकाच्या पायात दोराचा फास पडतो. पुढचं सगळं पाळीव हत्तींच्या संगतीने: झाडाला बांधणं, उपास, मग हातातून चारा. मोठ्या खेड्यात, म्हणजे उघड हाका घालून हत्ती धरताना, ढोल-कर्णे वाजवून कळप थकेपर्यंत पळवायचे. दमलेले हत्ती सावलीला आले की ताग किंवा सालीचे दोर टाकायचे. धरलेल्या हत्तीच्या किमतीचा चौथा हिस्सा धरणाऱ्यांचा.

आता बादशाही हत्तीखान्यात या. ‘मस्त’ या पहिल्या प्रतीच्या हत्तीमागे साडेपाच माणसं नेमलेली: मानेवर माहूत, पाठीमागे पुठ्ठ्यावर भोई, चारा आणणारे आणि साज चढवणारे मेठ. हत्तींच्या जाती चार, भद्र, मंद, मृग आणि मिश्र. वयाचीही नावं आहेत: दूध सुटलं की बाल, दहाव्या वर्षी पूत, विसाव्या वर्षी बिक्का, तिसाव्या वर्षी कलबा. शब्द नीट ऐका, त्यांतच हिशोब आहे. घोडी अकरा महिन्यांत शिंगरू देते आणि चार-पाच वर्षांत त्याच्यावर खोगीर पडतं. हत्तीण वीस-बावीस महिने पोटात वाढवते, मग काही वर्षं पाजते, आणि छावा पुऱ्या कामाला येईपर्यंत विशी गाठतो. तोवर रोजचा चारा, मोठा झाल्यावर दीडशे किलोच्या घरात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक न पचता बाहेर. कोणत्या राजाला हे परवडणार? रान तो खर्च फुकट करत होतं. म्हणून राजे रान राखत आणि तिथून तयार हत्ती उचलत. नरवर ही ग्वाल्हेरची खरी पागा होती, फक्त तिला भिंती नव्हत्या.

शिवाय घरी हत्तीण व्यायणं अशुभ मानत. अकबराने तो समज मोडला आणि आपल्या हत्तींची पैदास सुरू केली. त्याच्या मुलाने, जहांगीराने, तर गाभाचे महिने मोजून घेतले: मादी पिल्लाला अठरा, नराला एकोणीस. आजचे आकडे त्याहून जास्त आहेत, पण बादशहा गोठ्यात उभा राहून मोजतो याचं मला फार अप्रूप आहे.

त्याच्याच शेजारी उभे राहा. हत्तीण अस्वस्थ आहे, मागचा पाय उचलते, टेकवते. आधी पाय बाहेर येतात. जहांगीराने हेही टिपलं: माणसाचं मूल डोक्याकडून येतं, हत्तीचं पायांकडून. मग सगळं ओझं एकदम खाली येतं, शंभरेक किलोचं, ओलं, वाफाळतं. आई पायाने त्याच्यावर माती उडवते, सोंडेने चाचपते. छावा क्षणभर पडून राहतो, उठतो, पुन्हा बसतो, उठतो. सोंडेचं काय करायचं त्याला ठाऊक नाही. ती मध्येच येते, पायाखाली सापडते. शेवटी ती वर फेकून तो तोंडानेच आईच्या पुढच्या दोन पायांमधल्या सडाला लागतो.

पण इथे जन्मला म्हणून तो घरचा होत नाही. पिढ्यानपिढ्या निवडून माणसाने घोड्याची उंची बदलली, गाईचं दूध वाढवलं, कुत्र्याचं तोंड बदललं. हत्तीचं काही बदललं नाही. आसाम-ब्रह्मदेशाच्या लाकूडतळांवर रात्री हत्तिणी रानात चरायला सोडत आणि गाभण होऊन येत, बाप रानातलाच. माहुताने जिंकलं ते एकेका हत्तीला, जातीला नाही. प्रत्येक नव्या हत्तीपाशी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

शेवटचा मुक्काम १८७४, पुन्हा ग्वाल्हेर, आता शिंद्यांचं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये पडली, तिचंच आता लष्कर नावाचं शहर झालं आहे. बाजारात मराठी कानावर पडते. नरवरचं रान एव्हाना हत्तींवाचून मोकळं झालं आहे. शिंदे सरकारचे हत्ती दूरच्या रानांतून येतात. जयाजीराव शिंद्यांचा जयविलास महाल उभा राहिला आहे. दरबार हॉलच्या छताला दोन अवाढव्य झुंबरं टांगायची आहेत, छत तोलेल का? सांगतात ते असं, की उतरण बांधून हत्ती छतावर चढवले.

गच्चीच्या कडेला, अंग चोरून उभे राहा. पुढे एक म्हातारी हत्तीण आहे, कानांच्या कडा फाटलेल्या. माहूत पायांच्या अंगठ्यांनी तिच्या कानांमागे खूण करतो. ती लगेच निघत नाही. आधी सोंडेचं टोक पुढच्या फळीवर ठेवते, हुंगते, दाबते. मग पुढचा पाय, अर्धाच भार. फळी कुरकुरते. ती थांबते, ऐकते, आणि मग सगळं वजन टाकते. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. नदीकाठच्या दलदलीत आईच्या मागे चालताना, दोर पायात पडण्याच्या आधी, ती हे शिकली. माहूत घाई करत नाही. तो अंकुश मांडीवर आडवा ठेवतो आणि तिची सोंड वर येईपर्यंत वाट बघतो.