पोराला ठेवायचे कोणाकडे?

आमच्या समाजातल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण सगळे शाळांपासून सुरुवात करतो. 1829 साली मुंबईत आलेले जॉन विल्सन आणि मिशनच्या शाळा, मग हाइम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने 1875 साली निघालेली इस्राएली शाळा, पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. हे सगळे खरेच आहे. पण रेवदंडा, पेण किंवा नांदगावच्या आईबापांपुढे शाळेच्याही आधी एक प्रश्न उभा असे : पोराला मुंबईत ठेवायचे कोणाकडे?

पैसा हा त्यातला एक भाग झाला. मुंबईत खानावळी होत्या, खाटेपुरती जागा भाड्याने मिळे, आणि नाना जातीधर्मांची पोरे अशीच राहून शिकत होती. आमची अडचण ताटाची होती. मटण-कोंबडी हजानने कापलेली हवी, मीठ लावून रक्त काढलेले हवे. मासळीला खवले हवेत, म्हणजे कोळंबी गेली, खेकडे गेले. मांसाबरोबर दूध चालायचे नाही. शाकाहारी खानावळीत पोट भरले असते, नाही असे नाही. पण शुक्रवारी दिवेलागणीला पोर कुठे बसणार? शनिवारी परीक्षा आली तर त्याला दोन शब्द सांगणार कोण? दारफळणीचा उपास त्याने कोणाच्या घरी सोडायचा? चौदा वर्षांच्या पोराने हे एकट्याने सांभाळावे, असे कोणत्याही आईला वाटत नसे.

म्हणून मग नातेवाईक शोधायचे. ते बहुतेक मशिदीच्या आसपासच सापडत. (नव्या पिढीसाठी सांगतो, आमच्या जुन्या बोलीत सिनॅगॉगला मशीदच म्हणत.) 1796 सालची सॅम्युएल इझिकेल दिवेकरांची जुनी मशीद मांडवी भागात, तिच्यावरूनच सॅम्युएल स्ट्रीटचे नाव. त्या गल्ल्या, उमरखाडी, पुढे भायखळा, आग्रीपाडा, माझगाव. एका खोलीत नवराबायको, चार मुले, एखादी म्हातारी, आणि त्यात हा गावचा पाहुणा. तो रात्री गॅलरीत निजे, पावसाळ्यात दाराशी. अभ्यासाला जागा म्हणजे जिन्याची पायरी. गावाहून कोणी येणार असले की त्याच्या हाती तांदूळ, नारळ, पोहे धाडले जात. भाड्याचा हिशेब एवढाच.

आमच्या घरात ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाई : समाज कसा एकमेकांना धरून होता, वगैरे. आम्हीही बरीच वर्षे ती तशीच सांगत आलो. पण दार सगळ्यांना उघडत होते का? ज्याचे मुंबईत कोणी नाही, त्याचे शिक्षण गावच्या शाळेत थांबे. आणि आपल्यातला गोरे-काळे हा भेद विसरून चालणार नाही. ‘काळे’ म्हटल्या गेलेल्या कुटुंबांशी सोयरीक करत नसत, आणि त्यांचा हात स्वयंपाकाच्या भांड्यांना लागू देत नसत. ज्या घरात भांड्याला हात लावायची मुभा नाही, तिथे वर्षभर राहून शिकणार कसे? शहराने ज्याला विचारले नसते ते आपल्याच घराने विचारले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण कौतुकाच्या गोष्टीला ही बाजू आहे.

मुलींचे तर वेगळेच. रिबेका रूबेन 1905 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, पुढे कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, 1919 साली लंडनची एम.डी. झाल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. ही दोन नावे आपण अभिमानाने घेतो, घ्यावीतच. पण दोघींचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले, हेही लक्षात घ्यावे. मुलींसाठीच काढलेली शाळा पाठीशी असणे वेगळे आणि मामाच्या एका खोलीत चुलत-मामे भावंडांत वयात आलेली पोर ठेवणे वेगळे. लोक काय म्हणतील, या एका वाक्यावर किती जणींची पुस्तके बंद झाली असतील!

आता इथे इस्राएलमध्ये आमची नातवंडे तेल अवीवला, हैफाला खोली शोधतात तेव्हा भाडे विचारतात, बस विचारतात. भटारखान्याबद्दल कोणी विचारत नाही. आम्ही मात्र सवयीने विचारतो, “तिथे आपले कोण आहे?” आणि पोरे हसतात.

आमचे आजोबा कोकणातून शिकायला आले ते उमरखाडीत चार वर्षे राहिले. ज्या बाईने त्यांना चार वर्षे जेवू घातले, ती आजीच्या नात्यातली की आजोबांच्या, यावर घरात अजून वाद आहे. ती शुक्रवारी दिवे लावण्याआधी त्यांच्या वाटचे कालवण झाकून ठेवी, कारण शिकवणी संपवून यायला त्यांना उशीर होई. वंशावळ काढायला बसलो तेव्हा तिच्या यजमानांचे नाव मिळाले, मुलांची मिळाली. तिचे नाव कोणालाच आठवेना. सगळे तिला उमरखाडीची मावशी म्हणत.