हाकेचं नाव झालं

भाचीच्या मुलीचं बारसं होतं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत हौसेने धपाटे घातले आणि नाव जाहीर झालं: सई. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पणजीने विचारलं, "काय ठेवलं म्हणता?"

"सई, आजी."

"सई? म्हंजे कागदावर करत्यात ती?"

सगळे हसले. आजींच्या गावाकडे सहीला सईच म्हणतात. कोणी म्हणतं "सई कर", कोणी "सई नायतर आंगठा दे". मीही हसलो. घरी येऊन शब्दाच्या मागे लागलो तेव्हा कळलं, की आजी उलट्या दिशेने का होईना, बरोबर दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कारण सई हे नाव ज्या शब्दापासून आलं तो प्राकृत शब्द 'सही' असाच आहे. कागदावरची सही अरबी 'सहीह'ची, म्हणजे बरोबर, खरं. आणि प्राकृतातली सही म्हणजे सखी.

संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मधे ख, घ, ध, भ अशी जड अक्षरं आली, की महाराष्ट्री प्राकृत त्यांचा नुसता श्वास ठेवते: मुखाचं मुह, मेघाचा मेह, सखीची सही. पुढे मराठीच्या जिभेला तो उरलेला 'ह'देखील पुष्कळदा जड होतो. प्राघुणकाचा पाहुणा झाला आणि बोलताना पाहुण्याचा पावणा. 'नाही'चं 'नाय' तर आपण दिवसातून शंभरदा करतो. तीच वाट सखी, सही, सई. दोन अक्षरांच्या या नावात हजार-दीड हजार वर्षांची झीज आहे.

पण प्रकरण इतकं सरळ नाही. प्राकृतात नुसत्या 'सई'वर हक्क सांगणारे आणखी बरेच आहेत. दोन स्वरांतला 'त' गळला की सतीची सई होते, 'च' गळला की इंद्राच्या शचीचीही सईच. स्मृतीची 'सइ' होते. आपल्याकडे आठवणीला 'सय' म्हणतात ती हीच. गंमत म्हणजे हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'चं मूळ प्राकृत नावच 'सत्तसई' आहे. तिथली सई म्हणजे शती, शंभर. त्याच सातशे गाथांमध्ये बायका सखीशी, मामीशी, सासूशी मनातलं बोलत असतात, आणि तिथे पुन्हा पुन्हा हाक येते ती 'सहि'. त्यातच 'असई'ही भेटते, म्हणजे जी सती नाही ती. आणि गाथांना तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही.

मग मुलीच्या नावातली सई कोणती? नावांच्या पुस्तकात पाहून 'सती' असा अर्थ सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. सती, शची ही प्राकृत रूपं पोथीत राहिली. मराठीच्या तोंडात जी जगली ती सखीची. पुरावा व्याकरणातच आहे. सईचं संबोधन 'सये', अनेकवचन 'सया'. 'सयांनो' अशी हाक मराठी बाईने मैत्रिणींनाच मारली आहे, सतींना नाही.

ही हाक सगळ्यात जास्त घुमली ती जात्यावर. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्यावर एकीची मूठ, तिच्यावर दुसरीची. एक हात दाण्याचा घास जात्याच्या तोंडात टाकायचा, दुसरा ओढायचा. एकटीने दळणाऱ्या बाईचा खांदा भरून यायचा. समोर कुणी असेल तर जातं हलकं फिरायचं आणि ओवीही. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत आई, भाऊ, विठ्ठल जसे जागोजाग, तशीच ही समोरची. सासरी जिला नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं, सासूपुढे तोंड उघडता येत नव्हतं, तिचं बोलणं ऐकून घेणारी.

शेजारच्या भाषांत हिच्या बहिणी आहेत. हिंदीत सहेली, गुजरातीत सहियर. बंगालीत तर अगदी जशीच्या तशी 'सई'च आहे, फक्त उच्चार 'शोई'. तिकडे सई नुसती असायची नाही, रीतसर 'पातवली' जायची: दोन मुली मैत्रीला एखादं नाव द्यायच्या, बकुळफूल किंवा गंगाजल, आणि त्यानंतर दोघी एकमेकींना त्याच नावाने हाक मारायच्या. रवींद्रनाथांच्या १९०३ सालच्या कादंबरीत आशा आणि विनोदिनी आपल्या मैत्रीचं नाव ठेवतात 'चोखेर बाली', डोळ्यातली वाळू. पुढे ती खरंच खुपते. नवनीता देव सेन यांनी २००० साली बंगाली लेखिकांची संस्था काढली, तिचंही नाव 'सई'. बंगालीतही या शब्दाला सखी आणि स्वाक्षरी असे दोन्ही अर्थ आहेत. आमच्या पणजीआजींची शंका त्यांना कळली असती.

इतिहासात हे नाव आपल्याला एकदम ठळक भेटतं ते शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नीचं. फलटणच्या नाईक निंबाळकरांची ही लेक. १६४० साली लग्न झालं, १४ मे १६५७ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर सईबाई गेल्या. अफजलखानाची भेट तेव्हा दोन महिन्यांवर होती. नावाच्या दृष्टीने मला या घरातली आणखी एक गोष्ट लक्षात राहते: सईबाईंच्या एका लेकीचं नाव सखूबाई. ती पुढे मामाच्याच घरी, बजाजी निंबाळकरांच्या मुलाला दिली. सखू हा सखीचाच घरगुती अवतार म्हणायचा, तर आई आणि लेक एकाच शब्दाच्या दोन पिढ्या: आईच्या नावातला 'ख' झिजून गेलेला, लेकीच्या नावात तो अजून शाबूत.

तरीही पुढे सखूच चालली. कऱ्हाडच्या संत सखूने तिला घरोघर नेलं. १९४१ साली 'प्रभात'ने तिच्यावर बोलपटही काढला. सई मागे पडली. माझा अंदाज असा, की ती नाव म्हणून फार आखूड आणि फार घरगुती वाटत असावी. नाव म्हणजे देवीचं किंवा नदीचं: लक्ष्मी, गोदावरी, यमुना. त्यातून लग्नात तांदळाच्या ताटात नवरदेव अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिणार, तेही असंच भारदस्त. सई कुठे बसणार होती? हाक मारायला ठीक, ताटात लिहायला नाही. अर्थात मराठीला हाकेचं नाव करण्याचं वावडं नव्हतंच. बहिणाबाई हे दुसरं काय आहे? बहीण नाव होऊ शकते, तर मैत्रीण का नाही?

विसाव्या शतकात हे नाव पुन्हा ऐकू आलं ते दिग्दर्शिका सई परांजपे यांच्यामुळे. १९३८चा जन्म, आजोबा रँग्लर परांजपे, आई शकुंतला परांजपे, वडील रशियन चित्रकार. आईचं नाव शकुंतला आणि लेकीचं सई, यात कुणी काही योजलं असेल असं मी म्हणत नाही. पण कालिदासाच्या नाटकात शकुंतलेभोवती सतत अनसूया आणि प्रियंवदा असतात आणि त्या तिघी प्राकृतातच बोलतात, हे आठवल्याशिवाय राहत नाही. 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' यांच्या श्रेयनामावलीत देशभराने हे नाव वाचलं. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'सय'. स्मृतीची सइ आणि सखीची सई एकाच मुखपृष्ठावर.

तरी त्या वेळी एका शाळेत दोन सया सापडल्या नसत्या. सापडायला लागल्या त्या नंतर, नावं दोन अक्षरांवर आली तेव्हा: जुई, ईशा, रिया यांच्या रांगेत सई अलगद जाऊन बसली. अभिनेत्री सई ताम्हणकर आल्या. २०२० साली 'माझा होशील ना' या मराठी मालिकेची नायिका सई होती आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'गुम है किसी के प्यार में' या हिंदी मालिकेची गडचिरोलीची सई जोशी. जे नाव सांगली-सातारच्या पलीकडे समजावून सांगावं लागे, ते पाटण्या-लखनौच्या दिवाणखान्यात पोचलं.

अडचण राहिली ती रोमन लिपीची. एस-ए-आय लिहिलं की निम्मा देश त्याला 'साई' वाचतो. साई म्हणजे स्वामी, धनी. शिर्डीमुळे घराघरांत पोचलेला आणि दक्षिणेत मुलांच्या नावाआधी सर्रास लागणारा. म्हणजे मैत्रिणीचा एकदम मालक होतो, आणि बाईचा बुवाही. म्हणून कुणी दोन ई लावतं, कुणी आय काढून टाकतं, कुणी आय ठेवून वर दोन ई लावतं, अभिनेत्री सई मांजरेकरसारखं. आमच्या भाचीने एस-ए-ई-ई पसंत केलं. बँकेतल्या माणसाने ते 'साए' वाचलं.

बारशातलं ते बाळ आता तिसरीत आहे. मागच्या महिन्यात तिची शाळेची डायरी बाईंच्या शेऱ्यासह परत आली. पानाच्या तळाशी 'पालकांची सही' असं छापलेलं होतं, आणि त्यापुढे पेन्सिलीने, ईवरचा रफार नीट काढून, तिने स्वतःच लिहिलं होतं: सई.