मराठवाड्यातील गायनसमूहांचा इतिहास : हिंगोली परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

'बँड' हा शब्द मराठवाड्यात दोन अर्थांनी रूढ आहे. वरातीपुढे वाजणारे वाद्यपथक हा त्याचा जुना अर्थ होय, तर स्वतःची गाणी सादर करणारा तरुणांचा समूह हा अलीकडचा अर्थ होय. भारतातील नामवंत बँडचा शोध घेताना अभ्यासकांची दृष्टी सहसा दुसऱ्या अर्थावर आणि म्हणून महानगरांवर खिळते. परंतु एकत्र गाणारा-वाजविणारा, स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा आणि गावोगाव फिरून कार्यक्रम करणारा समूह अशी बँडची व्याख्या केली, तर मेळा, फड, संच, जलसा, कलापथक आणि गायन पार्टी ही सर्व नावे त्या व्याख्येत बसतात.

प्रस्तुत निबंधात हिंगोली जिल्हा व त्याच्या लगतच्या परिसराच्या आधारे या समूहांचा विचार केला आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीचा परभणीचा सांस्कृतिक इतिहास हा हिंगोलीचाही इतिहास ठरतो. या इतिहासात नायकाचे नाव टिकले आणि समूह मात्र विस्मृतीत गेला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नामदेवांचा कीर्तनमेळा

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मगाव म्हणून परंपरेने मानले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक असून तेथेच २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नामदेवांच्या या कीर्तीला आधार होता तो कीर्तनाचा. आणि कीर्तन ही एकट्याने साधणारी कला नव्हे. वारकरी कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी अभंगाचे ध्रुपद उचलून धरतात, मृदंगी लय सांभाळतो आणि त्यांच्या साथीनेच कीर्तनकार निरूपण पुढे नेतो.

नामदेवांच्या बाबतीत हा समूह अनामिक राहिला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांची आई गोणाई, पत्नी राजाई, पुत्र नारा, विठा, गोंदा व महादा यांच्या नावांवरील अभंग परंपरेने जपले आहेत. गंगाखेडची जनाबाई तर 'नामयाची दासी' या नाममुद्रेनेच मराठी काव्यात अजरामर झाली. नायकाचे नाव मोठे असूनही सोबतच्यांची नावे नोंदविता येतात, याचा हा आपल्याच जिल्ह्याशी निगडित असा सर्वांत जुना पुरावा होय.

गोंधळी संच

माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या दोन शक्तिपीठांमुळे मराठवाड्यात गोंधळाची परंपरा दृढ झाली. संबळ, तुणतुणे व झांज ही गोंधळाची प्रमुख वाद्ये होत. चौक मांडणे, दिवटी पेटविणे, देवदेवतांना गोंधळास येण्याचे आवाहन करणे, आख्यान सांगणे आणि आरती करणे असा विधीचा साधारण क्रम असतो. आख्यान सांगणारा नायक असला, तरी त्याचा साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो आणि त्यातूनच कथा पुढे सरकते. साथीदार वगळल्यास गोंधळाचे नाट्यच उरत नाही.

परभणीचे गोंधळी राजाराम कदम हे या परंपरेतील मान्यवर नाव. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची अभिलाषा सांगणारे 'जांभूळ आख्यान' त्यांच्यामुळे अभ्यासकांपर्यंत पोहोचले. पुढे लोकशाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांनी ते रंगमंचावर गाजविले. आज या आख्यानाबरोबर उमपांचे नाव सर्वत्र घेतले जाते, कदमांचे नाव जाणकार घेतात. परंतु संबळ, तुणतुणे वाजविणाऱ्यांची नावे क्वचितच कोणी घेतो.

जलसा ते गायन पार्टी

सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) विचारांच्या प्रसारासाठी जलसे उभे राहिले. तमाशाचा परिचित आकृतिबंध स्वीकारून त्यांनी आशय मात्र बदलला. विसाव्या शतकात याच मार्गाने आंबेडकरी जलसे पुढे गेले. त्यांतील एक अग्रणी भीमराव कर्डक यांनी 'आंबेडकरी जलसे' या विषयावर ग्रंथ लिहून स्वतःच या चळवळीची नोंद केली. १९४४ साली शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभारले. येथे पथकाचे नाव आणि तिघांची नावे दोन्ही टिकली, हा एक सुखद अपवाद म्हणावा लागेल.

१९५६ च्या धर्मांतरानंतर हार्मोनियम, ढोलक व कोरस यांच्या साथीने, बहुधा कव्वालीच्या ढंगाने गाणाऱ्या गायन पार्ट्या वाढल्या. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी महाराष्ट्रभर गावोगाव फिरून या गायनाला मानदंड दिला. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या साडेपंधरा वर्षांच्या संघर्षात मराठवाड्यातील वस्त्यांतून गाणे हेच वृत्तपत्र आणि गाणे हेच व्यासपीठ होते. ती गाणी गाणारे कलावंत आज वृद्ध झाले आहेत. त्यांपैकी अनेक जण आपल्यातून निघूनही गेले आहेत.

नोंदीचा प्रश्न

आपल्या परंपरेत शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते, म्हणून एकाच नावाचे स्मरण राहणे स्वाभाविक आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु नाममुद्रा रचनेचे कर्तृत्व सांगते, सादरीकरणाचे नव्हे. इंग्लंडमधील बीटल्सचे नाव घेताच चौघांची नावे आठवतात, कारण तेथे ध्वनिमुद्रिकेने समूहाची नोंद ठेवली. आपल्याकडे ज्यांच्या कॅसेट निघाल्या ते काही अंशी उरले; ज्यांची गाणी वह्यांत राहिली ते वाळवीच्या आणि रद्दीच्या स्वाधीन झाले. झीलकरी, ढोलकीवादक आणि कोरसमधील स्त्रिया यांची हानी यात सर्वाधिक झाली.

निष्कर्ष

हिंगोली परिसराला नामवंत गायनसमूहांची वाण नाही. वाण आहे ती समूह म्हणून केलेल्या नोंदीची. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील इतिहास, मराठी आणि संगीत विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेता येईल. पथकाचे नाव व गाव, प्रत्येक सदस्याचे नाव व वाद्य, गाण्यांच्या वह्यांची छायाप्रत आणि ज्येष्ठ कलावंतांची ध्वनिमुद्रित मुलाखत एवढी चार कलमे प्रारंभी पुरेशी आहेत. विद्यार्थी याच गावांतून येत असल्याने या कामास मोठ्या निधीचीही गरज नाही. मात्र ते विलंब सहन करणारे नाही. कारण वही नंतरही सापडू शकते, पण ती वाचून तिची चाल सांगणारा माणूस पुन्हा सापडत नाही.